वाडा जुना, प्लास्टर नवं आणि भिंतीला लोणा

प्रश्न: वाईला आमचा जुना वाडा आहे, पणजोबांच्याही आधीचा. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने खालचा मजला आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर करून घेतला, वर ऑइल पेंट. पहिला पावसाळा छान गेला पण आता कमरेपर्यंत पोपडे निघतायत आणि हात फिरवला की पांढरी पावडर लागते. काँट्रॅक्टर म्हणतो वॉटरप्रूफिंगचा कोट मारू, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वरचा कडीपाट (तुळया आणि फळ्यांचं लाकडी छत) काढून स्लॅब, आणि पुढून फक्त हेरिटेज लूक ठेवू. घरात दोन तट पडलेत. काय करावं? – एक वाचक, वाई

उत्तर: आधी काँट्रॅक्टरला थांबवा, अ‍ॅडव्हान्स दिला असेल तरी.

ती पावडर म्हणजे लोणा, जमिनीतले क्षार. वाड्यांच्या जोत्यात आजच्यासारखी डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, नसायची, ओल भिंतीत चढायची आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची, गिलावा झिजला की गवंडी परत करून द्यायचा, एवढं साधं होतं. तुम्ही त्यावर सिमेंट आणि ऑइल पेंट चढवलात, म्हणजे भिंतीला रेनकोट घातलात. आता घाम जाणार कुठे? वर. वॉटरप्रूफिंग केलं की कमरेची ओल खांद्याला येईल, आणि फरशी टाइल्सनी बंद केली तर जमिनीतलं पाणीही भिंतीकडेच जाईल. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, तुमच्या वाड्याच्या बांधणीने ते कधी गृहीतच धरलेलं नाही.

मला खरी भीती तुळयांची वाटते. त्यांची टोकं भिंतीत असतात. माझ्या आजोळी माजघराला फॉल्स सीलिंग केलं होतं, दिसायला एकदम झकास, पण वर काय चाललंय ते कुणाला दिसेना. काढलं तेव्हा सागवानी तुळईच्या टोकात मामाने स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला! तुम्ही पण टोकं अशीच टोचून बघा, स्लॅबचं नाव काढण्याआधी. दहा बाय बाराच्या खोलीवर चार इंची काँक्रीट म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास वजन, ते जुन्या विटांवर आणि मातीवर येणार. एक टोक कुजलंय म्हणून अख्खा कडीपाट काढायची गरजही नसते, चांगला सुतार तेवढंच टोक कापून नवा सागवान जोडून देतो.

आणि हेरिटेज लूक हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मागे सगळं पाडायचं आणि पुढे सुरूच्या झाडासारख्या घडणीच्या कोरीव खांबांवर चॉकलेटी चकचकीत रंग फासायचा, त्याला लूक म्हणतात का? खांबांवर रंग असलाच तर वाळूच्या फवाऱ्याने काढू नका, कोरीव केळफूल सपाट होतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका, मास्क लावून ओला ठेवून हळूहळू खरवडा, आणि नंतर जवसाचं तेल.

भावाला घेऊन एकदा मेणवलीला जाऊन या, वाईपासून जवळच आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यात नुसतं खांब आणि भिंतीवरची जुनी चित्रं बघत बसा, वाद थोडे निवतील.

मग कामाचा क्रम असा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतंय का, बाहेर कुणी काँक्रीटची फरसबंदी केलीय का ते बघा. निम्मा त्रास तिथेच असतो. नंतर सिमेंट छिन्नीने काढायचं, ब्रेकरने नाही. चुन्याचं काम हाताला माहीत असलेला गवंडी मिळवायचा (इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेत विचारून बघा), चुना, वाळू आणि विटांची भुकटी, त्यात गूळ-बेलफळ घालायचं की नाही हे तोच सांगेल. पण लगेच गिलावा नको. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी सुकू द्या. लग्नकार्य असलं तरी पाहुणे नावं ठेवतील, ठेवू देत.