पत्त्यात शहराचं नाव, पिनकोडही शहराचा, मग महापालिका म्हणते तुम्ही आमच्या हद्दीत नाही, असं कसं?

असंच असतं. पिनकोड पोस्टाचा, हद्द सरकार ठरवतं, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला (श्रीराम भिकाजी वेलणकरांचं काम, आपला मराठी माणूस) तो टपाल वाटणं सोपं व्हावं म्हणून. शेवटचे तीन आकडे कुठल्या पोस्टातून वाटप होणार तेवढं सांगतात, बास. गोव्याचा पिन ४०३ ने सुरू होतो, पोस्टाच्या लेखी गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच आहे, म्हणून पणजीची माणसं दाखल्यासाठी मंत्रालयात हेलपाटे घालतात का?

हे मी आमच्या साडूंना फ्लॅट घेतानाच सांगितलं होतं. ब्रोशरवर शहराचं नाव बघून ते खूश, मला म्हणे "तुम्ही फार खोलात शिरता राव". पझेशन मिळालं, उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, मग तक्रार घेऊन निघाले क्षेत्रीय कार्यालयात आणि मलाही सोबत ओढलं. तिथे आधार, लाईट बिल, गॅसचं पुस्तक सगळं टेबलावर मांडलं, सगळ्यांवर शहराचं नाव ठळक. क्लार्कने एकालाही हात लावला नाही, म्हणाला घरपट्टीची पावती दाखवा. पावती काढली तर मथळाच "ग्रामपंचायत कार्यालय". त्याने ती बोटाने परत सरकवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर साडू पोस्टाला शिव्या घालतायत! अहो पत्रं तर वेळेवर येतायत ना तुमची.

बिल्डर लबाड असतोच, पण निम्मा दोष मी घेणाऱ्याला देतो. आयुष्यभराची कमाई ओतताना सातबाऱ्यावरचं गावाचं नाव वाचायला काय जातं? बांधकाम परवानगीवर शिक्का कोणाचा, तेही बघायचं. मुद्रांक शुल्काचा दरसुद्धा हद्दीवरून ठरतो, पिनवरून नाही.

हां, हद्दी बदलतात हेही खरं. फुरसुंगी २०१७ ला पुणे महापालिकेत घेतली, २०२४ ला बाहेर काढून उरुळी देवाचीसोबत वेगळी नगरपरिषद केली, पिन आपला ४१२३०८ च. त्यामुळे तुमचं गाव मध्येच आत गेलंय का, ते ताज्या अधिसूचनेत बघा, जुन्या पावतीवर जाऊ नका.

साडूंचं अजून एकच पालुपद, "रीसेलला लोक पत्ताच बघतात". बघत असतील, पण गिऱ्हाईकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील सातबारा मागतो.