विमानातला तानपुरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विमानप्रवासात गाणे ऐकण्याच्या साधनांविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या दोन पत्रांची निम्मी उत्तरे त्यातच येऊन जातात.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून सांगलीत राहतो. मे महिन्यात मुलीकडे सिॲटलला जायचे आहे. मुंबईहून दुबई आणि तिथून पुढे सिॲटल असा प्रवास आहे. तीस वर्षांत जमवलेल्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले सुमारे तीनशे तासांचे शास्त्रीय गायन माझ्याकडे एमपी-३ स्वरूपात आहे. गेल्या खेपेला विमानात साध्या इअरफोनवर ऐकू लागलो, तर तानपुरा ऐकूच येईना, आणि आवाज वाढवला तर ताना कानाला बोचू लागल्या. आता पंधरा हजार रुपये खर्च करायची तयारी आहे. जावई म्हणतात, वेगळा हाय-रेझोल्यूशन प्लेअर घ्या. घ्यावा का?

उत्तर : प्लेअर घेऊ नये. आपले पैसे दुसरीकडे लागायला हवेत, आणि ते कुठे, हे आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे : तानपुरा ऐकू येईना आणि ताना बोचू लागल्या.

जेट विमान उंचावर स्थिर वेगाने जात असताना आत साधारण ८० ते ८५ डेसिबल इतका गोंगाट असतो. तो इंजिनांचा आणि विमानाच्या अंगावरून धावणाऱ्या हवेचा असतो, आणि त्यातला मोठा भाग खर्जातला, म्हणजे कमी कंपनसंख्येचा असतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर (सेकंदाला १३८ कंपनांवर) आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास येते. तबल्याच्या डग्ग्याची घुमारही याच भागातली. म्हणजे विमानाची घरघर नेमकी तिथेच ठाण मांडून बसते, जिथे आपल्या गाण्याचे जोते असते. त्यातही मोठा खर्जाचा आवाज स्वतःच्या जागेपुरता थांबत नाही. त्याच्या वरच्या पट्टीतले नाजूक ध्वनीही तो झाकून टाकतो. जवारीतून (तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या नादातून) निघणारी तानपुऱ्याची झंकार अशीच नाजूक असते, आणि ती सर्वांत आधी बुडते.

मग माणूस आवाज वाढवतो. विलंबित ख्यालाच्या आरंभी, गायक अजून षड्जावर स्थिरावत असताना, हे ठीक वाटते. पण अर्ध्या तासाने तोच गायक तार सप्तकात तान घेतो, तेव्हा आपण वाढवलेले बटण तिथेच असते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि गायकाच्या आवाजाची धार त्याच भागात असते. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेत जी शिफारस आहे, तिच्यानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला ती एका तासावर येते. घरघरीवर मात करण्याइतका आवाज लावून दुबई ते सिॲटल असे चौदा-पंधरा तास ऐकणे हा कानांवर उघड अन्याय आहे. म्हणून माझे सांगणे इतकेच, की विमानात गाण्याचा आवाज वाढवायचा नसतो, आधी गोंगाट कमी करायचा असतो, आणि ज्या साधनाने तो कमी होईल त्यावरच पहिला रुपया खर्च करायचा असतो.

या साधनाचा, म्हणजे गोंगाट रद्द करणाऱ्या (नॉइज कॅन्सलेशनच्या) हेडफोनचा, जन्मही विमानातल्याच तक्रारीतून झाला. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या बोस कंपनीचे संस्थापक डॉ. अमर बोस १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला परतत होते. विमानात मिळालेल्या हेडफोनवर त्यांना घरघरीपलीकडे काही धड ऐकू येईना, आणि त्याच प्रवासात त्यांनी गोंगाट रद्द करण्याचे गणित मांडायला घेतले. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते. बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली आला आणि सामान्य गिऱ्हाइकासाठीचा हेडफोन २००० साली. (१९७९ साली आलेला सोनीचा वॉकमनही असाच. कंपनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात ऐकण्यासाठी एक छोटे यंत्र हवे होते, त्यातून तो घडला. आपल्या कॅसेटींचे विमानाशी नाते आहे ते असे.)

नॉइज कॅन्सलेशनची रीत समजायला सोपी आहे. हेडफोनमधला छोटा मायक्रोफोन बाहेरची घरघर ऐकतो, आतले सर्किट तिची उलटी लहर तयार करते, आणि दोन्ही लहरी कानापाशी भेटून एकमेकींना खोडतात. चांगल्या हेडफोनमध्ये खर्जातला गोंगाट असा वीस-तीस डेसिबलने कमी होतो. मात्र ही युक्ती साधारण एक हजार हर्ट्झच्या खालीच नीट चालते. मूल रडणे, शेजाऱ्याचे बोलणे, ताटांचा खणखणाट यांना अडवायचे काम कानाभोवतीच्या गादीचे असते, आणि म्हणून ती गादी कानाभोवती फट न ठेवता बसली पाहिजे.

इथेच आपल्यासारख्या चष्मा वापरणाऱ्यांनी (आपण तो वापरत असाल असे धरून चालतो) जपावे. चष्म्याची जाड काडी गादी आणि डोके यांच्यामध्ये फट पाडते आणि त्या फटीतून घरघर आत शिरते. दुकानात जाताना रोजचाच चष्मा लावून जावे. पंखा किंवा कूलर मोठ्या वेगाने चालू करायला सांगावे, गाणे न लावता हेडफोन घालावा आणि नॉइज कॅन्सलेशनचे बटण चालू-बंद करून पाहावे. कूलरची घरघर एकदम विरून गेली पाहिजे. मग मान डावीकडे-उजवीकडे वळवावी, जांभई दिल्यासारखे तोंड उघडावे. तेवढ्याने घरघर परत येत असेल, तर ती गादी आपल्या डोक्याची नाही, मग किंमत कितीही असो. अर्धा तास घालून बसू देत असतील तर अवश्य बसावे, कारण कानशिलावरचा दाब पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

कानभर बसणारे, नॉइज कॅन्सलेशन असलेले चांगले हेडफोन आज दहा ते पंधरा हजारांत मिळतात. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. बॅटरी एका चार्जिंगमध्ये तीस तासांच्या आसपास चालावी. वायर जोडूनही ऐकता यावे, आणि बॅटरी संपली तरी वायरवर चालतात का हे मुद्दाम विचारावे, कारण काही चालत नाहीत. आणि बटणे खरीखुरी, चाचपून कळणारी असावीत. अंधारात, अर्धवट झोपेत स्पर्शाच्या पृष्ठभागावर बोट फिरवताना गाणे बंद करायला जावे आणि पुढचे सुरू व्हावे, हा त्रास टाळता येतो.

आता प्लेअर. कॅसेटवरून एमपी-३ झालेल्या गायनात जे आहे ते आपला फोन पूर्णपणे वाजवू शकतो. मुळात नसलेले बारकावे हाय-रेझोल्यूशन प्लेअर आणणार कुठून? जागेचाही प्रश्न नाही. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) दराने एका तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, म्हणजे आपले तीनशे तास ४३ जीबीत बसतात, आणि १२८ केबीपीएसची नोंद असेल तर १७-१८ जीबीतच. फोनची बॅटरी उतरल्यामुळे विमानतळावर मुलीला फोन लागू नये, ही भीती असेल, तर बटणांचा दोन-तीन हजारांचा साधा प्लेअर जवळ ठेवायला माझी हरकत नाही. पण तो सोयीसाठी, नादासाठी नव्हे.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ फाइलींसाठी राखून ठेवावी. कॅसेटची एक बाजू संपून दुसरी सुरू होताना जिथे राग तुटला आहे, तिथे दोन्ही फाइलींना एकच नाव आणि पुढे १, २ असे आकडे द्यावेत, नाहीतर द्रुत आधी आणि विलंबित नंतर वाजते. सगळा संग्रह फोनमध्येच असू द्यावा. मासिक वर्गणीच्या ॲपवर उतरवून ठेवलेली गाणी ठराविक दिवसांनी इंटरनेटची जोडणी मागतात. मी स्वतः एकदा भर समुद्रावर असताना अख्खी यादी राखाडी झालेली पाहिली आहे, आणि पुढचे नऊ तास त्या विमानाची घरघर ऐकत काढले आहेत.

पॉवरबँक नेणार असाल तर ती हातातल्या पिशवीतच हवी. सामानात द्यायच्या बॅगेत ती चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. पॉवरबँकेवर लिहिलेला एमएएचचा (क्षमतेचा) आकडा ३.७ ने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात, म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची होते. आपण दुबईमार्गे जाणार आहात म्हणून सांगतो, की एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवरबँक वापरायला बंदी केली आहे; एक जवळ बाळगता येते, पण तिच्यावर काही चार्ज करता येत नाही. तेव्हा फोन आणि हेडफोन घरूनच पूर्ण भरून निघावे आणि दुबईच्या मुक्कामात पुन्हा भरावे.

प्रश्न : कामानिमित्त मला दर आठवड्याला पुणे–दिल्ली जावे लागते. कानात घालायचे वायरलेस इअरबड वापरतो. त्यात नॉइज कॅन्सलेशन आहे, तरी घरघर येतेच, आणि विमान उतरताना कान दुखतो. मोठा हेडफोन बॅगेत मावत नाही.

उत्तर : दोन तासांच्या प्रवासाला मोठ्या हेडफोनची गरजही नाही. आपल्या इअरबडचे रबरी टोक बहुधा मापाचे नाही. पेटीत आलेल्या तीनही मापांची टोके लावून पाहावीत. दोन कानांना दोन वेगळी मापे लागणे अगदी सामान्य आहे. त्यानेही भागले नाही तर फोमची टोके घ्यावीत. ती बोटांच्या चिमटीत दाबून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवायची, आणि फुगून बसेपर्यंत वीसेक सेकंद धरून ठेवायची. मग ओठ मिटून षड्ज गुणगुणावा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान बंद झाला असे समजावे. हे साधले की पुष्कळदा नॉइज कॅन्सलेशन नसलेला साधा वायरचा इअरफोनही विमानात उत्तम चालतो, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

दुखण्याचे कारणही त्या बंद कानातच आहे. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढत जातो. कानाच्या पडद्याआडचा दाब त्याच्याशी जुळायला वेळ लागतो, आणि त्यात बाहेरची वाटही गच्च बुजलेली असेल तर ताण आणखी जाणवतो. विमान उतरू लागल्याची घोषणा झाली की इअरबड काढून ठेवावेत आणि आवंढा गिळत राहावे. सर्दी असताना दुखणे जास्त होत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला घेऊन लंडनला जात आहे. समोरच्या पडद्यावरची कार्टून त्याला त्याच्या वायरलेस हेडफोनवर ऐकता येतील का?

उत्तर : काही नव्या विमानांत पडद्याला ब्लूटूथ जोडता येते, पण त्यावर विसंबू नये. अनेक विमानांत अजून ३.५ मिमीचेच छिद्र असते, काही जुन्या आसनांना शेजारी-शेजारी दोन छिद्रे असतात. एका पिनेची वायर त्यातल्या एकातच घातली की एकाच कानाला आवाज येतो आणि मूल हेडफोन बिघडला म्हणून रडते. दोन पिनांचा जोड शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, तो पर्समध्ये असावा. वायर जोडता येईल असा, आवाजावर ८५ डेसिबलची मर्यादा असलेला मुलांचा हेडफोन घ्यावा आणि तो आधी घरी आपल्या कानाला लावून पाहावा, कारण काही हेडफोनमध्ये ही मर्यादा वायर लावल्यावर निघून जाते. विमान सुटताना आणि उतरताना सूचना ऐकू येण्यासाठी हेडफोन त्याच्या गळ्यात उतरवून ठेवावा.