वेटिंग: वजन, महत्त्व की भार?

प्रश्न असा आहे: भूभौतिकीतल्या इन्व्हर्जनवर (मापनांवरून जमिनीखालचं चित्र काढण्याच्या गणितावर) मराठीत लिहिताना 'वेटिंग'च्या (weighting) किमतींना, म्हणजे गणितात कशाचा वाटा किती हे ठरवणाऱ्या आकड्यांना, काय म्हणावं? वजन, महत्त्वांक की भार?

मी 'भार' म्हणेन, आणि नेमका आकडा सांगायचा असेल तिथे 'भारांक'. 'भारित सरासरी' रुळलेलीच आहे. 'वजन' नको, कारण गुरुत्वीय सर्वेक्षणात गुरुत्वाकर्षणाचीच मोजणी चालते, तिथे हा शब्द घोटाळा करेल.

'महत्त्वांक' तर अर्थच फिरवतो. इन्व्हर्जनमध्ये जमिनीवरच्या मापनांवरून खालच्या खडकांची घनता किंवा चुंबकीय गुणधर्म काढायचे असतात. त्यासाठी दोन गोष्टी एकत्रितपणे कमीत कमी ठेवतात: मापनं आणि प्रतिमानाचं (मॉडेलचं, म्हणजे ठोकळ्यांत विभागलेल्या जमिनीखालच्या कल्पित चित्राचं) उत्तर यांतला फरक, आणि प्रतिमानाची गुंतागुंत. भार दोन्हीकडे लागतो, पण एकाच अर्थाने नाही.

मापनांच्या बाजूला अनिश्चितता जितकी कमी, तितका भार जास्त. एका नोंदीची अनिश्चितता दुसरीच्या दुप्पट असेल, तर तेवढ्याच फरकासाठी तिचा वाटा एक चतुर्थांश होतो, कारण फरकाचा वर्ग घेतात. इथे भार म्हणजे भरवसा.

खोलीनुसार लावलेल्या भाराचं तसं नाही. खडकाचा एखादा लहान ठोकळा १०० मीटर खोलीवरून २०० मीटरवर नेला, तर थेट वर मोजलेला त्याचा गुरुत्वीय परिणाम चौथाई उरतो, चुंबकीय परिणाम साधारण अष्टमांश. त्यामुळे गणिताला मोकळं सोडलं की ते सगळी घनता पृष्ठभागाजवळच गोळा करतं. तिथे थोडक्यात भागतं ना! म्हणून वरच्या ठोकळ्यांवर जास्त भार टाकतात, म्हणजे तिथली घनता वाढवणं गणिताला महाग करतात. इथे भार म्हणजे ओझं. हेच 'वरच्या थरांना जास्त महत्त्व दिलं' असं लिहिलंत, तर वाचक नेमकं उलटं समजेल.

मराठीची खरी सोय इथेच आहे. मापनांना भार द्यावा, ठोकळ्यांवर भार टाकावा. 'ना' आणि 'वर' एवढ्यातच फरक कळतो, वेगळी संज्ञा घडवावी लागत नाही.

फरक आणि गुंतागुंत यांच्यातला तोल ठरवणाऱ्या आकड्याला मात्र भार म्हणू नका, 'समतोल गुणक' बरा. आणि विद्युत पद्धतींवर लिहिताना सगळीकडे 'भारांक'च वापरा, नाहीतर विद्युतभाराशी गल्लत होईल.