पोट भरतं, अंग भरत नाही : वराहपालनाविषयी वाचकांचे प्रश्न

संकरित जातीची चार डुकरं आहेत. गावच्या गिरणीवरचा कोंडा, उरलासुरला भात आणि हंगामात फणस, असं पोटभर घालतो. सहा महिने झाले तरी वजन तिशीच्या आसपासच. जंताचं औषध देऊन झालं. काय कमी पडतंय?
(कुडाळ, जि. सिंधुदुर्ग)

कमी पडतात ती प्रथिनं. तिशीपर्यंतच्या वाढत्या पिल्लाच्या खुराकात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. तांदळात ती आठच्या आसपास असतात. फणसाच्या चारखंडात (गरे काढून उरलेल्या भागात) तर बहुतेक पाणीच. पाच किलो खाल्लं तरी कोरडं अन्न जेमतेम किलोभर पोटात जातं. ढेरी सुटते, पुठ्ठे भरत नाहीत.

दुसरा संशय तुमच्या कोंड्यावर. हलरवर, म्हणजे तूस आणि कोंडा एकत्रच काढणाऱ्या गिरणीवर, भात भरडला की कोंड्यात तूस मिसळतं, आणि तुसात पोषण जवळजवळ नसतं. मूठभर कोंडा पाण्याच्या पेल्यात टाकून ढवळा. वर तुसाचा जाड थर आला तर तो कोंडा कोंबड्यांच्या अंथरुणाला बरा. पॉलिशचा बारीक, तेलकट कोंडा वेगळा मागून घ्या. त्यात 12 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं मिळतात. मात्र हा कोंडा लवकर खवट होतो, म्हणून आठवड्याला पुरेल एवढाच आणा. खवट झालेला डुकरं नाक लावून सोडून देतात.

100 किलो मिश्रणाचा हिशोब असा : कणी किंवा भरडलेला मका 40 किलो, पॉलिशचा कोंडा 37, शेंगदाणा पेंड 15, वाळवलेला जवळा 5, खनिज मिश्रण अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो. प्रथिनं 16 टक्क्यांवर येतात. सुकी मासळी खारवलेली असेल तर वरचं मीठ घालू नका. खनिज मिश्रण महाग म्हणून गाळणारे पुष्कळ आहेत. कोंड्यात कॅल्शियम फार थोडं असतं, आणि मग पाय वाकतात, डुक्कर लंगडतं. पावसाळ्यात पेंडीला बुरशी दिसली तर वाळवूनही घालू नये, बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

30 किलोच्या जनावराला हे मिश्रण रोज सव्वा ते दीड किलो, दोन वेळांत विभागून द्या. फणस त्यानंतर. आठळ्या उकडूनच घाला; कच्च्या आठळ्यांतली प्रथिनं नीट पचत नाहीत. वजन 50 किलोच्या पुढे गेलं की पेंड थोडी कमी करता येते, पण कोंडा वाढवू नका, चरबी मऊ पडते. विक्रीआधी तीन आठवडे जवळा बंद करा, नाहीतर मटणाला मासळीचा वास येतो.

काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 14,400. घेर 80 आणि लांबी 75 आली तर वजन सुमारे 33 किलो. दर पंधरा दिवसांनी, सकाळी खाण्याआधी मोजा.

आणि डुकरं खरोखरच संकरित आहेत का, हेही पाहा. गावठी जात लहान चणीची असते. उत्तम खुराकावरही ती यॉर्कशायरसारख्या विलायती जातीच्या वजनाला पोचणार नाही.

हॉटेलांतलं उरलेलं अन्न फुकट मिळतं. ते तसंच घातलं तर चालेल का?
(सासष्टी, गोवा)

तसंच अजिबात नको. भारतात 2020 मध्ये शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाला आपल्याकडे लस नाही, आणि त्याचा विषाणू कच्च्या किंवा खारवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्महिने टिकतो. चोरिसाचा (डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचा) एक तुकडा अख्ख्या गोठ्याला पुरे. आधी हाडं, काट्या, प्लॅस्टिक निवडून काढा. मग उकळी फुटल्यावर 30 मिनिटं सतत ढवळत शिजवा. न ढवळल्यास तळ करपतो आणि मधला गोळा कच्चाच राहतो. कच्चं आणायची बादली शिजलेल्याला लावायची नाही. इतकी मेहनत करून लोक नेमके इथेच चुकतात.

हॉटेलच्या अन्नात मीठ फार. पाणी तुटलं की डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, गोल फिरतं, झटके येतात. अशा वेळी एकदम पोटभर पाणी पाजलं तर मेंदूला सूज येऊन ते दगावतं. थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने द्या आणि पशुवैद्यकांना बोलवा. एरवी समोर स्वच्छ पाणी कायम हवं.

परसात अळू माजलंय. डुकरं तोंड लावतात आणि सोडतात.
(सावंतवाडी)

घसा खाजतो, दुसरं काय! अळवात ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. उकडा, नाहीतर सरपण वाचवायला मुरवा : पानं-देठ बारीक चिरून दिवसभर सुकवा, 100 किलोला चार किलो काकवी मिसळा, झाकणाच्या पिंपात पायाने दाबून हवा काढा आणि घट्ट बंद करा. तीन आठवड्यांनी उघडा. आंबूस वास आला तर जमलं. कुजका आला तर दाबताना हवा राहिली, ते उकिरड्यावर टाका. सुरुवात रोज अर्ध्या किलोने करा.

कापलेल्या डुकराच्या मटणात तांदळाएवढे पांढरे दाणे निघाले. शिजवून खावं का?
(काणकोण)

खाऊ नका, विकूही नका. हे पट्टकृमीचे कोश आहेत. मोकाट डुक्कर माणसाची विष्ठा खातं, तिथून ते येतात. असं मटण अर्धकच्चं पोटात गेलं की माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी हातातोंडातून गेली तर कोश मेंदूत होतात आणि फिट्स येतात. मटण खोल पुरा. डुकरं बंदिस्त ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण अंडी टाकणारा कृमी माणसाच्याच पोटात असतो.