कीवर्ड प्लॅनरमध्ये (लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगलचं टूल) स्पर्धा 'कमी' दिसली तर त्या विषयावर वेबसाइट काढावी का?

नाही. निदान तेवढ्यावरून तरी नाही. तो रकाना जाहिरातदारांचा आहे. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण बोली लावतायत, एवढंच त्यातून कळतं. खालच्या फुकटच्या निकालांत कोण ठाण मांडून बसलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'सातबारा उतारा' घ्या. त्यावर जाहिरात कोण कशाला करेल? पण महाभूमीच्या सरकारी साइटला हटवून तुम्ही वर जाणार आहात का? शिवाय जिथे जाहिरातदारच नाहीत तिथे अ‍ॅडसेन्सची, म्हणजे साइटवर गूगलच्या जाहिराती दाखवून होणारी, कमाईही चिल्लरच असते.

हे सगळं आमच्या दाजींशी वाद घालून घालून तोंडपाठ झालंय. दाजी पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये, माझं तालुक्याला ठिबकचं दुकान. ठिबकवर मराठीत साइट काढतो म्हटल्यावर त्यांनी जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला. 'ड्रीप चोकअप' (ठिबक तुंबणं) या शब्दापुढे आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ. "हे कोणी शोधतच नाही रे. सरकारी योजना घे, व्हॉल्यूम बघ केवढा!" व्हॉल्यूम म्हणजे महिन्याला किती वेळा शोधलं जातं तो आकडा. ताईपण त्यांच्याच बाजूने.

अहो, काउंटरवर मी उभा असतो. उन्हाळा लागला की माणूस खिशातून क्षारांनी पांढरा पडलेला ड्रीपर काढतो, काचेवर ठेवतो आणि विचारतो, अ‍ॅसिड किती सोडू? हाच माणूस रात्री मोबाईलवर तेच इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, ज्याचं त्याचं स्पेलिंग वेगळं. ते सगळं टूलच्या एका ओळीत गोळा होत नाही, मग रेघ दिसते.

मी टूल मिटवलं आणि इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी खिडकी, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा परिणाम कमी) गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे टाकून पहिलं पान उघडून वाचलं. एका कंपनीचं इंग्रजी माहितीपत्रक, विद्यापीठाची स्कॅन केलेली पीडीएफ, युट्यूबचे व्हिडिओ, क्वोरावरचं दोन ओळींचं उत्तर. पाण्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास उतरवायचा, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही, हे धड मराठीत एकाही ठिकाणी नव्हतं. कमी स्पर्धा म्हणतात ती ही! माझं ते पान अजून वर आहे. खाली दिलेल्या नंबरवर पार जालना-लातूरहून फोन येतात, फिल्टर आणि व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत-अ‍ॅसिड ओढून घेणारं साधन) पार्सलने जातात. दाजींनी स्वतः काढलेल्या योजनांच्या साइटचं डोमेन मात्र त्यांनी रिन्यूसुद्धा केलं नाही.

बाकी टूलमधल्या 'डिफिकल्टी'च्या, म्हणजे वर येणं किती अवघड ते सांगणाऱ्या, आकड्याला मराठीत फार भाव देऊ नका. एचरेफ्स या टूलचा आकडा पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सकडून लिंक आहेत त्यावर निघतो. मराठी पानांना लिंक देतो कोण? त्यामुळे जवळजवळ सगळंच सोपं दिसतं. 'इतके लाख निकाल' हा गूगलचा ढोबळ अंदाज, तो सोडूनच द्या. ऑलइनटायटल (शीर्षकात ते सगळे शब्द असलेलीच पानं दाखवणारा गूगलचा शोध) चाळणी म्हणून ठीक. खरं बघायचं ते हे, की वरची पानं नेमक्या त्याच प्रश्नावर लिहिलीत की जाता जाता उल्लेख आहे, आणि त्यांत तुमच्याएवढी एखादी छोटी साइट आहे का. असली तर शिरायला जागा आहे. क्वोरा, रेडिटसारखे धागे वर दिसले तर बऱ्याचदा अजून कोणी नीट लिहिलेलं नसतं.

आरोग्य आणि कर्ज-विमा हे विषय मात्र स्पर्धा कितीही कमी दिसली तरी नवख्याने घेऊ नयेत, तिथे गूगल नाव आणि अनुभव बघतं. साध्या एका वाक्याच्या प्रश्नांचंही तेच, उत्तर आता निकालांच्या वरच मिळतं, तुमच्या पानावर येतं कोण!

आणि हो, माझी साइट जाहिरातींवर चालत नाही, दुकानावर चालते. मला महिन्याला मोजकी पण गरजू माणसं आली तरी पुरतं. तुम्हाला नुसत्या अ‍ॅडसेन्सवर घर चालवायचं असेल तर दाजी म्हणतात तसा व्हॉल्यूम लागेलच. पण तो व्हॉल्यूमचा हिशोब झाला, स्पर्धेचा नाही, आणि दाजी अजूनही दोन्ही एकाच रकान्यात बघतात.