तफावत, अंतर की तूट?

प्रश्न असा आहे: प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेबद्दल वाचताना सरकार विमान कंपन्यांना जे पैसे देतं (इंग्रजीत ‘व्हायेबिलिटी गॅप फंडिंग’), त्यांना कुठे ‘व्यवहार्यता तफावत निधी’, कुठे ‘व्यवहार्यता अंतर निधी’, तर कुठे ‘व्यवहार्यता तूट निधी’ म्हटलेलं दिसतं. यातलं योग्य काय? आणि सरळ ‘अनुदान’ का म्हणू नये?

माझा कौल ‘तूट’ला. का, ते कळायला हा पैसा कसा फिरतो ते आधी पाहू. २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणातून ही योजना आली. २७ एप्रिल २०१७ला शिमला-दिल्ली विमान सुटलं आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. साधारण ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा होती. तीही विमानातल्या ठरावीक जागांपुरती. समजा, अशा एका जागेमागे कंपनीला ४,००० रुपये खर्च येतो. वरचे १,५०० कुठून आणायचे? ते सरकार देतं. त्यासाठी बोली लागते आणि जी कंपनी कमीत कमी रक्कम मागेल तिला तो मार्ग मिळतो, तीन वर्षांसाठी.

आता शब्दांकडे. ‘तफावत’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला आणि मराठीत मुरलेला शब्द. पण तफावत म्हणजे नुसता फरक. कोणती बाजू कमी पडते हे तो सांगत नाही. शिवाय ‘हिशेबात तफावत आढळली’ म्हटलं की आपल्याला काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो. इथे तर सगळा व्यवहार उघड आणि आधी ठरलेला. ‘अंतर’ मात्र मला साफ चुकीचं वाटतं. या योजनेत भाडेमर्यादा आणि मदतीची कमाल रक्कम मार्गाच्या लांबीनुसार ठरते, त्यामुळे ‘अंतर निधी’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किलोमीटरच येणार. ‘तूट’ म्हटलं की उत्पन्न खर्चाला पुरत नाही हे एका अक्षरानेही न समजावता कळतं. अर्थसंकल्पातली तूट आपण रोज वाचतोच.

तूट आणि तोटा यांतही गल्लत नको. तोटा होऊन गेलेला असतो. ही तूट आधीच अंदाजून, बोलीत आकडा लिहून ठरवलेली असते. म्हणून ‘नुकसानभरपाई’ हा शब्दही इथे बसत नाही.

‘अनुदान’ चुकीचं नाही, पण फार ढगळ आहे. शाळेला मिळतं ते अनुदान, ठिबक सिंचनाला मिळतं तेही अनुदान. बातमीच्या मथळ्यात ते चालेल. परीक्षेच्या उत्तरात किंवा करारात नेमका शब्दच हवा. विमानतळाचं उतरण्याचं आणि थांबण्याचं शुल्क माफ होतं, राज्य इंधनावरचा कर १ टक्क्यापर्यंत खाली आणतं. या झाल्या सवलती. त्यांना तूट निधीत धरू नये.

‘निधी’ शब्दाचाही इथे घोळ होतो. देशातल्या इतर विमानफेऱ्यांवर आकार लावून जो पैसा गोळा होतो, तो ‘प्रादेशिक हवाई संपर्क निधी’. बहुतेक राज्यं तुटीचा २० टक्के वाटा उचलतात, ईशान्येकडची १० टक्के. त्या निधीतून कंपनीला मिळणाऱ्या रकमेलाही पुन्हा ‘निधी’च म्हणायचं, म्हणजे हंडा आणि तांब्या दोघांना एकच नाव. म्हणून शक्य तिथे मी ‘तूट भरपाई’ लिहीन.

राहिली ‘व्यवहार्यता’. एसटीचा वाहक ‘भारमान नाही, मार्ग परवडत नाही’ म्हणतो, तीच ही गोष्ट. पण ‘व्यवहार्यता अहवाल’ म्हणजे विमानतळ बांधता येईल का याची तपासणी. दोन्हींकडे एकच शब्द आल्याने गोंधळ होतो, एवढं ध्यानात ठेवा. महामार्ग, मेट्रोसारख्या खासगी भागीदारीच्या प्रकल्पांनाही याच नावाने मदत मिळते. ती मात्र बांधकामाच्या खर्चासाठी असते. ‘उडान’मध्ये ती विमान चालवण्यासाठी आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तुटीबरोबर येणारा क्रियापदाचा भेद. तूट ‘भरून काढणं’ वेगळं आणि ‘भरून येणं’ वेगळं. सरकार तीन वर्षं ती भरून काढतं. प्रवासी वाढून पुढे ती आपोआप भरून येईल, ही अपेक्षा. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालानुसार, बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही चालू राहिले फक्त ५४. ‘तफावत’ला हा भेद दाखवताच येत नाही, कारण ती कमी होते किंवा मिटते, पण ‘भरून येत’ नाही.

तेव्हा लिहिताना असं लिहावं: ‘या मार्गाची तूट सरकार तीन वर्षं भरून काढणार आहे.’ योजनेचं नाव मात्र ‘उडान’च ठेवा. ‘उड्डाण’ करू नका, कारण ते ‘उडे देश का आम नागरिक’ या हिंदी वाक्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेलं आहे.