वाचकांचे प्रश्न : जेट-स्कीच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू

प्रश्न : माझ्या उभ्याने चालवायच्या टू-स्ट्रोक जेट-स्कीचे इंजिन सुरुवातीला थ्रॉटल दाबताच अडखळते, पुढे मात्र नीट पळते. कार्ब्युरेटरचे स्क्रू अडचणीच्या जागी आहेत. ते कसे जुळवावेत?

उत्तर : दोष सुरुवातीलाच जाणवतो, त्यामुळे आधी कमी वेगाच्या मिश्रणाचा (पेट्रोल व हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू पाहावा, पूर्ण वेगाच्या स्क्रूला विनाकारण हात लावू नये. झाकण उघडून पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यावी, इंजिन बंद असताना हवेच्या वाटेवरील फ्लेम अरेस्टर (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) काढावा आणि आखूड स्क्रू-ड्रायव्हर व लहान आरसा वापरावा. तरीही हात पोचत नसेल, तर कार्ब्युरेटर सोडवून बाहेर घेणेच शहाणपणाचे. स्क्रू आत फिरवताना किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवावे आणि तो टेकताच थांबावे, कारण जोर लावला तर स्क्रूच्या सुईसारख्या निमुळत्या टोकावर वळ उमटतो व पुढे कोणतेच मोजमाप खरे ठरत नाही. मग पुस्तिकेत दिलेल्या मापावर आणून, एका वेळी फेऱ्याचा 1/8 भाग इतकाच बदल करावा. मिकुनी कंपनीच्या सुपर बीएन प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू बाहेर फिरवल्यास पेट्रोल वाढते. प्रत्येक बदलानंतर फ्लेम अरेस्टर परत बसवून पाण्यातच चाचणी घ्यावी. जमिनीवर इंजिनावर भार नसतो आणि थंड करणारे पाणीही मिळत नाही. पेट्रोल कमी पडले, तर त्यातच मिसळलेले वंगणही घटते आणि पिस्टन जाम होतो, म्हणून स्पार्क प्लग पांढरा दिसू लागल्यास तिथेच थांबावे.